घाट आणि खाडीचे नाते : महाड-पोलादपूर परिसराचा परिचय

खास प्रतिनिधी

मुंबई-गोवा महामार्गावर महाडच्या वेशीपाशी नातेखिंड लागते. तेथून डावीकडे फुटणारा रस्ता गांधारी नदीच्या खोऱ्यातून नाते, कोंझर, पाचाड अशी गावे ओलांडत थेट रायगडाच्या पायथ्याशी पोहोचतो. दरवर्षी लाखो शिवभक्त आणि पर्यटक या रस्त्याने जातात. मात्र ज्या मुलखातून तो जातो, त्याची ओळख बहुतेकांना गडापुरतीच असते. वास्तविक महाड आणि पोलादपूर हे दोन तालुके म्हणजे दक्षिण रायगडचा एक स्वतंत्र भूप्रदेश आहे. कोकणात असूनही येथे समुद्रकिनारा नाही, आणि सह्याद्रीच्या कुशीत असूनही भरतीचे पाणी थेट महाडपर्यंत येते. घाट आणि खाडी यांच्या या सान्निध्यातून येथील व्यापार उभा राहिला, राजधानी वसली आणि समतेचा एक मोठा लढाही येथेच झाला. येथे वारंवार कोसळणाऱ्या आपत्तींचे मूळही याच भूरचनेत आहे.

सावित्रीचे खोरे

महाबळेश्वरच्या पठारावर उगम पावणारी सावित्री नदी सह्याद्रीचा कडा उतरून पश्चिमेस वळते. पोलादपूर आणि महाड या तालुक्यांतून वाहत ती बाणकोटजवळ अरबी समुद्राला मिळते. खालच्या टप्प्यात हीच नदी रायगड आणि रत्नागिरी या जिल्ह्यांची सीमा बनते. रायगडाच्या पश्चिमेकडून येणारी गांधारी आणि पूर्वेकडील दरीतून येणारी काळ या तिच्या प्रमुख उपनद्या होत. नाते हे गाव गांधारीच्या खोऱ्यात, तर महाड शहर सावित्री आणि गांधारी यांच्या संगमावर वसले आहे.

पूर्वेकडे सह्याद्रीची मुख्य रांग भिंतीसारखी उभी आहे. तिच्यापासून पश्चिमेस सुटलेल्या डोंगरसोंडांच्या बेचक्यांत लहान लहान खोरी आहेत. वस्ती विखुरलेली असून एका महसुली गावात अनेक वाड्या आणि कोंड असतात. त्यांतील काही डोंगराच्या माचीवर, तर काही ओढ्याच्या काठाला आहेत. पायाखालचा खडक बेसॉल्टचा असून उतारांवर तांबड्या मातीचा थर आहे. पावसाचे वार्षिक प्रमाण तीन हजार मिलिमीटरच्या घरात असून घाटमाथ्याकडे ते आणखी वाढते. हा सारा पाऊस चार महिन्यांत पडतो आणि उतारावरून वेगाने वाहून जातो. त्यामुळे जुलैमध्ये पुराने वेढल्या जाणाऱ्या याच तालुक्यांतील अनेक वाड्यांना एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट पाहावी लागते.

निसर्गाच्या दृष्टीनेही हा परिसर संपन्न आहे. सावित्रीच्या पात्रात महाडजवळ मगरींचा वावर आहे. काळ नदीवरील वाळणकोंड या खोल डोहातील मासे देवीचे मानले जातात आणि ग्रामस्थ ते पकडत नाहीत. श्रद्धेने राखलेले हे जणू एक अभयारण्यच म्हणावे लागेल. सावित्रीकाठचे सव येथील गरम पाण्याचे झरेही पूर्वापार प्रसिद्ध आहेत.

बंदर आणि घाटवाटा

रेल्वे आणि मोटार येण्यापूर्वी कोकणातील मालवाहतूक खाडीतून होत असे. बाणकोटच्या मुखातून आत शिरलेली गलबते दासगावपर्यंत येत आणि लहान होड्या भरतीच्या पाण्यावर महाड गाठत. तेथून वरंध घाटाने भोरकडे, तर पार घाटाने महाबळेश्वर आणि वाईकडे बैलांच्या पाठीवरून माल चढत असे. मीठ, सुकी मासळी, नारळ आणि तांदूळ वर जात. देशावरून गूळ, धान्य आणि मिरची खाली येई. घाट आणि बंदर जोडणारी पेठ म्हणून महाडचा उत्कर्ष झाला.

या व्यापारी मार्गाची प्राचीनता गांधारपाले येथील लेण्यांवरून ध्यानी येते. महाडपासून अवघ्या तीन किलोमीटरवर, महामार्गालगतच्या डोंगरात सुमारे तीस बौद्ध लेण्यांचा हा समूह आहे. चैत्यगृह, विहार आणि पाण्याची टाकी असलेली ही लेणी इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतील असून येथील एका शिलालेखात काणभोज विष्णुपालित या राजकुमाराचा उल्लेख आहे. स्थानिक लोक त्यांना पांडवलेणी म्हणतात. महाडजवळच कोल येथेही लहान लेणी आहेत. ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात नोंदलेले पालेपाटमे हे बंदर म्हणजे पाले गावच असावे, असे काही अभ्यासकांचे मत आहे.

खाडीचे महत्त्व पुढील राज्यकर्त्यांनीही ओळखले होते. पेशव्यांशी १७५६ मध्ये झालेल्या तहात इंग्रजांनी बाणकोटबरोबर दासगावही आपल्याकडे ठेवले. नाना फडणवीस आणि निजाम यांच्यातील १७९६ चा तह महाडच्या नावाने ओळखला जातो. पुण्याजवळच्या लढाईत होळकरांकडून पराभव झाल्यावर १८०२ मध्ये दुसऱ्या बाजीरावाने कोकणची वाट धरली, तीही महाडमार्गेच. येथून तो समुद्रमार्गाने वसईस गेला आणि तेथील तहाने मराठी राज्याच्या अखेरीची सुरुवात झाली.

राजधानीचा मुलूख

जावळीच्या चंद्रराव मोऱ्यांचा पाडाव केल्यानंतर १६५६ मध्ये शिवाजी महाराजांनी रायरीचा डोंगर ताब्यात घेतला. समुद्रसपाटीपासून आठशे मीटरहून अधिक उंच, चहूबाजूंनी तुटलेले कडे, घाटवाटांवर नजर आणि खाडी हाकेच्या अंतरावर, असे हे स्थान होते. हिरोजी इंदुलकर यांच्या देखरेखीखाली गडावर राजवाडे, बाजारपेठ, जगदीश्वराचे मंदिर आणि जलाशय उभे राहिले. ६ जून १६७४ रोजी येथे महाराजांचा राज्याभिषेक झाला. त्यानंतर अवघ्या अकरा दिवसांनी पायथ्याच्या पाचाड येथे जिजाबाईंचे निधन झाले. त्यांचा वाडा आणि समाधी तेथे आजही आहे. ३ एप्रिल १६८० रोजी महाराजांचे गडावरच निधन झाले. पुढे १६८९ मध्ये गड मोगलांकडे गेला आणि मे १८१८ मध्ये इंग्रजांच्या तोफांच्या माऱ्यापुढे पडला.

विस्मृतीत गेलेल्या या गडाकडे पुन्हा लोकांचे लक्ष वेधले, ते लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने १८९६ मध्ये भरलेल्या शिवोत्सवामुळे. पुढे १ जानेवारी १९८१ पासून कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड करण्यात आले. रोपवे १९९६ मध्ये सुरू झाल्यावर वृद्धांनाही गडदर्शन शक्य झाले. जतन आणि उत्खननाच्या कामांसाठी २०१७ मध्ये रायगड विकास प्राधिकरण स्थापन झाले. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला, त्यात रायगड आहे.

रायगडाच्या आसपास लिंगाणा, कावळ्या, मंगळगड अर्थात कांगोरी आणि चंद्रगड हे दुर्ग घाटवाटांवर पहारा देत उभे आहेत. पोलादपूर तालुक्यातील उमरठ हे तानाजी मालुसरे यांचे गाव. फेब्रुवारी १६७० मध्ये कोंढाण्यावर धारातीर्थी पडलेल्या तानाजींची समाधी तेथे आहे. ‘शिवभारत’ हा संस्कृत ग्रंथ रचणारे कवींद्र परमानंद यांची समाधी पोलादपुरात आहे. वरंध घाटाच्या पायथ्याची शिवथरघळ समर्थ रामदासांच्या ‘दासबोधा’चे जन्मस्थान मानली जाते. महाड शहरात वीरेश्वर हे ग्रामदैवत असून महाशिवरात्रीच्या सुमारास होणाऱ्या छबिन्याला गावोगावच्या देवतांच्या पालख्या आणि सासणकाठ्या येतात.

चवदार तळ्याचे पाणी

या परिसरात सैनिकी परंपरा जुनी आहे. फौजी आंबवडे या गावातील १११ जण पहिल्या महायुद्धात लढले, अशी नोंद तेथील स्मारकशिलेवर आहे. गावाच्या नावाआधी ‘फौजी’ हा शब्द लागला तो त्यामुळेच. महार समाजातील अनेक जण इंग्रजी पलटणीत दाखल झाले. लष्करातून शिक्षण, निवृत्तिवेतन आणि आत्मभान घेऊन ते गावी परतले. महाडजवळच्या रावढळ गावचे गोपाळबाबा वलंगकर हे त्यांपैकीच एक. अस्पृश्यतेविरुद्ध लेखणी चालवणाऱ्या वलंगकरांनी १८८८ मध्ये ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका लिहिली.

या पार्श्वभूमीवर १९२७ चा सत्याग्रह समजून घ्यावा लागतो. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये संमत केला होता. त्यानुसार महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केले. प्रत्यक्षात मात्र अस्पृश्य मानलेल्यांना पाण्याला हात लावता येत नव्हता. रामचंद्र बाबाजी मोरे आदी स्थानिक कार्यकर्त्यांच्या पुढाकाराने १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाड येथे कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. दुसऱ्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली परिषदेतील लोक मिरवणुकीने तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर परतणाऱ्या लोकांवर हल्ले झाले आणि तळ्याचे ‘शुद्धीकरण’ करण्यात आले. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला.

डिसेंबरमध्ये पुन्हा परिषद भरली. तिला जागा मिळणे दुरापास्त झाले, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुस्लिम गृहस्थांनी आपली जमीन दिली. २५ डिसेंबर १९२७ रोजी तेथे मनुस्मृतीचे दहन झाले. तळ्याचा प्रश्न न्यायालयात दहा वर्षे चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. आज तळ्याच्या मध्यभागी बाबासाहेबांचा पुतळा असून, २० मार्च आणि २५ डिसेंबर या दिवशी राज्यभरातून अनुयायी महाडला येतात. स्वातंत्र्यलढ्यातही हे शहर मागे नव्हते. सप्टेंबर १९४२ मध्ये नाना पुरोहित यांच्या नेतृत्वाखाली निघालेल्या मोर्चावर गोळीबार होऊन कार्यकर्ते हुतात्मा झाले.

नात्याचे चिंतामणराव

रायगडच्या वाटेवरील नाते या गावाचे नाव देशाच्या आर्थिक इतिहासाशी जोडलेले आहे. भारतीय रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी येथे झाला. वडील वकील होते. मॅट्रिकच्या परीक्षेत संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती पटकावणाऱ्या चिंतामणरावांनी पुढे केंब्रिजमध्ये शिक्षण घेतले आणि १९१८ च्या आयसीएस परीक्षेत पहिला क्रमांक मिळवला. ऑगस्ट १९४३ मध्ये ते रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर झाले. आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक यांचा पाया घालणाऱ्या १९४४ च्या ब्रेटन वुड्स परिषदेत भारतीय शिष्टमंडळात त्यांचा समावेश होता.

स्वतंत्र भारताचे अर्थमंत्री म्हणून १९५० ते १९५६ या काळात त्यांनी काम केले. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर गेले. मुंबई महाराष्ट्रापासून तोडण्याच्या निर्णयाच्या निषेधार्थ १९५६ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातील हा एक निर्णायक क्षण होता. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्षपद आणि दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरुपद त्यांनी भूषविले. ‘मेघदूता’चा मराठी अनुवादही केला. १९७५ मध्ये पद्मविभूषणाने गौरविलेल्या या अर्थतज्ज्ञाचे २ ऑक्टोबर १९८२ रोजी निधन झाले. रायगडाकडे जाणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना वाटेतील या गावाचे हे महत्त्व ठाऊक असते.

भात, मनीऑर्डर आणि कारखाने

येथील शेती प्रामुख्याने पावसाच्या भरवशावरची आहे. खोऱ्यांतील खाचरांत भात, वरकस जमिनीवर नाचणी आणि वरी, तर भातकापणीनंतर जमिनीतील ओलीवर वाल, पावटा, हरभरा अशी पिके घेतली जातात. रोजगार हमी योजनेशी जोडलेल्या फळबाग लागवडीमुळे १९९० नंतर आंबा आणि काजूच्या बागा वाढल्या. तथापि जमिनीचे तुकडे लहान, सिंचन तुटपुंजे आणि धरणांची अनेक कामे वर्षानुवर्षे रेंगाळलेली, यामुळे केवळ शेतीवर कुटुंब पोसणे कठीण आहे.

परिणामी मुंबई हाच येथील घराघरांचा आधार राहिला. गिरण्या, गोदी, हॉटेले आणि पोलीस दल यांत महाड-पोलादपूरच्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या नोकऱ्या केल्या. दर महिन्याच्या मनीऑर्डरीवर गावाकडचे घर चाले आणि गावोगावच्या मुंबईकर मंडळांनी शाळा, मंदिरे आणि पाण्याच्या योजनांसाठी वर्गणी जमवली. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांचा आधार गेला; चाकरमान्यांची पुढची पिढी ठाणे, नवी मुंबई आणि सुरतेकडे पांगली. खाडीकाठच्या कोकणी मुस्लिम कुटुंबांतील अनेक जण आखाती देशांत गेले. लोकसंख्येच्या आकड्यांतही हे स्थलांतर दिसते. २०११ च्या जनगणनेनुसार पोलादपूर तालुक्याची लोकसंख्या पन्नास हजारांच्या आत होती आणि तेथे दर हजार पुरुषांमागे स्त्रियांची संख्या हजारांहून अधिक होती. कर्ते पुरुष परगावी असल्याचे हे द्योतक आहे.

बिरवाडी परिसरात औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत उभी राहिल्यावर चित्र काहीसे बदलले. रसायने, रंग आणि औषधे बनवणाऱ्या कारखान्यांनी स्थानिक तरुणांना रोजगार दिला. वाहतूक, खाणावळी आणि घरबांधणी यांनाही चालना मिळाली. मात्र सांडपाण्यामुळे सावित्रीची खाडी प्रदूषित झाल्याची आणि मासळी घटल्याची खाडीकाठच्या मच्छीमारांची तक्रार जुनी आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये एका औषधनिर्मिती कारखान्यातील स्फोट आणि आगीत ११ कामगारांचा मृत्यू झाल्यानंतर कामगारांच्या सुरक्षिततेचा प्रश्नही ऐरणीवर आला.

कोकण रेल्वेचा रोहा-वीर टप्पा १९९३ मध्ये आणि संपूर्ण मार्ग १९९८ मध्ये सुरू झाला. वीर, करंजाडी, विन्हेरे ही स्थानके महाड तालुक्यात आहेत. महाड आणि पोलादपूर ही शहरे मात्र रेल्वेमार्गापासून दूरच राहिली. त्यामुळे आजही एसटी आणि महामार्ग हीच येथील जीवनवाहिनी आहे.

डोंगर खचतो, नदी चढते

गेल्या दोन दशकांत या परिसराचे नाव वारंवार आपत्तींच्या बातम्यांत आले. जुलै २००५ च्या अतिवृष्टीत महाड तालुक्यातील दासगाव, जुई, रोहण आणि कोंडिवते येथे दरडी कोसळल्या. दीडशेहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महामार्गावरील सावित्री नदीचा १९२८ सालचा दगडी पूल वाहून गेला आणि दोन एसटी बसगाड्यांसह चाळीसच्या आसपास प्रवाशांना जलसमाधी मिळाली. नवा पूल पुढील पावसाळ्यापूर्वी, जून २०१७ मध्ये खुला झाला. २८ जुलै २०१८ रोजी पोलादपूर-महाबळेश्वर मार्गावरील आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांची बस दरीत कोसळून तीस जणांचा मृत्यू झाला.

२२ जुलै २०२१ रोजी महाड शहर पुराच्या पाण्याखाली गेले. त्याच दिवशी तळिये येथील वाडीवर डोंगर कोसळून ऐंशीहून अधिक ग्रामस्थ गाडले गेले. पोलादपूर तालुक्यातील केवनाळे आणि साखर सुतारवाडी येथेही दरडींनी बळी घेतले. रस्ते बंद, वीज गेलेली आणि दूरध्वनी ठप्प, अशा अवस्थेत तळियेची बातमी बाहेर पोहोचण्यास आणि मदत येण्यास कित्येक तास लागले. तळियेच्या पुनर्वसनाची घरे बांधण्याचे काम म्हाडाकडे सोपवण्यात आले. ते पुरे होण्यास काही वर्षे गेली आणि तोवर कुटुंबांना तात्पुरत्या निवाऱ्यात दिवस काढावे लागले.

या घटनांमागील कारणमीमांसा गुंतागुंतीची आहे. तीव्र उतारावरील मातीचा थर थोड्या काळात पडलेल्या प्रचंड पावसाने संपृक्त होतो आणि खालच्या खडकावरून घसरतो. जंगलतोड, रस्त्यांसाठी डोंगराच्या पायथ्याला दिलेला काप आणि नैसर्गिक ओढ्यांचे बुजणे यांमुळे धोका वाढतो. महाडच्या पुराला संगमाची जागा, डोंगरातून एकाच वेळी उतरणारे पाणी आणि खाडीतून चढणारी भरती कारणीभूत ठरते. भरती असेल तर पुराचे पाणी ओसरण्यास वाट मिळत नाही. पात्रात साचलेला गाळ आणि दासगावजवळील रेल्वेचा भराव यांमुळे पुराची तीव्रता वाढल्याचे नागरिकांचे म्हणणे असून, २०२१ नंतर पात्रातील गाळ काढण्याचे काम हाती घेण्यात आले. ज्या संगमाने महाडला बाजारपेठ दिली, तोच संगम आता व्यापाऱ्यांना दर पावसाळ्यात दुकानातील माल माळ्यावर चढवायला लावतो.

वारसा जपताना

पश्चिम घाटातील पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेचे मसुदे २०१४ पासून निघत आहेत आणि त्यांत या दोन्ही तालुक्यांतील गावांचा समावेश आहे. निर्बंधांमुळे घरबांधणी आणि रोजगार अडेल, अशी भीती ग्रामस्थांना वाटते. निर्बंध नसतील तर डोंगर पोखरले जातील, असे अभ्यासक सांगतात. महामार्गाचे चौपदरीकरण आणि कशेडी घाटाला पर्याय म्हणून खोदलेला सुमारे दोन किलोमीटरचा बोगदा यांमुळे प्रवास सुकर होत आहे. रायगडाला लाभलेल्या जागतिक वारशाच्या दर्जामुळे पर्यटकांचा ओघही वाढेल. मात्र हा ओघ गडाच्या पायथ्यावरूनच परत फिरला, तर त्याचा लाभ खोऱ्यातील गावांना होणार नाही.

गांधारपाले लेणी, चवदार तळे, नाते, पाचाड, उमरठ आणि शिवथरघळ ही स्थळे एका दिवसाच्या अंतरात आहेत. घरगुती निवास, स्थानिक वाटाडे, तांदूळ-नाचणीसारख्या उत्पादनांची विक्री यांतून पावसाळ्यानंतरचे आठ महिने गावात रोजगार निर्माण होऊ शकतो. परंतु त्याआधी दरडप्रवण वाड्यांचे सुरक्षित जागी आणि शेतापासून फार दूर न नेता पुनर्वसन झाले पाहिजे. किल्ल्याच्या दगडांइतकीच त्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या माणसांचीही निगा राखली गेली, तरच हा वारसा सांगायला गावात कोणी उरेल.

कसे जाल?

मुंबईहून महाड सुमारे १७५ किलोमीटर असून नियमित एसटी गाड्या आहेत. रेल्वेने यायचे झाल्यास वीर हे जवळचे स्थानक. पुण्याहून ताम्हिणी घाटाने माणगावमार्गे किंवा भोर-वरंध घाटाने येता येते. वरंध घाट पावसाळ्यात अनेकदा बंद ठेवला जातो, त्यामुळे निघण्यापूर्वी चौकशी करावी. महाडहून नातेमार्गे रायगडाचा पायथा सुमारे २५ किलोमीटर, तर पोलादपूर सुमारे १८ किलोमीटर आहे. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वर सुमारे ४० किलोमीटर पडते. भेटीसाठी ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम.